कागद आणि कॅमेरा : दंगलीतल्या, युद्धातल्या बायकांची साक्ष

(दारव्हा येथे तरुण-तरुणींसमोर दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)

 

समोर निम्म्याहून जास्त मुली आहेत, आणि मागे भिंतीला टेकून काही अम्मी आणि खालाही बसल्या आहेत, हे पाहून बरं वाटलं. मला विषय दिलाय तो असा : बायका, युद्ध आणि माहितीपट. मी वकील आहे, रोज इथल्या कोर्टात उभी राहते. सिनेमाची जाणकार नाही. पण विषय मी आनंदाने घेतला, कारण माझ्या कामात आणि माहितीपट करणाऱ्यांच्या कामात एक गोष्ट सारखी आहे. दोघांनाही साक्षीदार लागतो. साक्षीदार नसला तर माझी केस उभी राहत नाही आणि त्यांची फिल्मही उभी राहत नाही.

आज मला एकच गोष्ट सांगायची आहे. बाईची साक्ष वेळेवर, नीट आणि तिच्या मर्जीने नोंदली गेली तर ती तीस वर्षांनीही कामी येते. नोंदली गेली नाही तर तिच्यावर जे गुजरलं ते सरकारदप्तरी घडलंच नाही असं धरलं जातं.

कुणी म्हणेल, दारव्ह्यात कुठलं आलं युद्ध? बरोबर आहे, इथे तोफा चालल्या नाहीत. पण लांबच्या लढाईची झळ वऱ्हाडाला नवी नाही. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस मँचेस्टरला जायचा थांबला, तेव्हा आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. लढाई संपली आणि भाव कोसळला. दुसरं असं, की बाईला युद्ध आणि दंगल यांत फारसा फरक जाणवत नाही. नवरा घरी परतला नाही, कर्फ्यूत पोरांना दूध नाही, अंगावर हात पडला, राशनकार्ड जळालं, आणि ज्यांच्याकडे तक्रार करायची त्यांचीच भीती वाटते. सीमेवर घडो की गल्लीत, तिच्यापुरतं ते युद्धच असतं. आणि बंदुका थांबल्यावर तिची दुसरी लढाई सुरू होते, ती कागदांची.

आधी लांबचं उदाहरण घेऊ, मग मुंबईला येऊ, आणि शेवटी दारव्ह्याला.

१९९२ साली युगोस्लाव्हिया फुटला आणि बोस्नियात लढाई पेटली. प्रियेदोर नावाचं गाव आहे. तिथे नुसरेता सिवाच नावाच्या मुस्लिम बाई न्यायाधीश होत्या. त्याच गावात याद्रांका सिगेल या क्रोएट बाई वकील होत्या. सर्ब सैन्याने गाव ताब्यात घेतलं आणि ओमार्स्का इथल्या लोखंडाच्या खाणीत छावणी उघडली. कैदी बहुतेक पुरुष, पण मूठभर बायकाही होत्या, त्यांत या दोघी. दिवसा कैद्यांना जेवण वाढायचं. संध्याकाळी ज्या खोल्यांत लोकांना मारहाण करून चौकशी व्हायची तिथलं रक्त पुसायचं आणि तिथेच झोपायचं. रात्री पहारेकरी बायकांना उचलून न्यायचे.

दोघी जगल्या. बाहेर आल्यावर त्यांनी जे केलं ते आपल्यासाठी महत्त्वाचं आहे. त्या कायद्याच्या बायका होत्या. रडून मोकळं होण्यापेक्षा नोंद महत्त्वाची, हे त्यांना कळत होतं. त्यांनी दुसऱ्या बायकांचे जबाब गोळा करायला सुरुवात केली. कोण, कुठे, कोणत्या दिवशी, कुणी केलं, तिथे अजून कोण होतं. मँडी जेकबसन आणि कारमेन येलिंचिच या दोघींनी त्यांच्यावर माहितीपट केला, ‘कॉलिंग द घोस्ट्स’, १९९६ सालचा. त्यात या दोघी स्वतःच्या नावाने, तोंड न झाकता, आपलं आणि दुसऱ्यांचं सांगतात.

पुढे हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणात ओमार्स्काचा खटला चालला. नोव्हेंबर २००१ मध्ये पाच जण दोषी ठरले. त्याच वर्षी फेब्रुवारीत फोचा या गावाच्या खटल्यात न्यायाधिकरणाने मुस्लिम बायकांना डांबून गुलामासारखं वापरणं हा मानवतेविरुद्धचा गुन्हा ठरवला. तोपर्यंत जगात असंच मानलं जायचं, की लढाई म्हटली की असं होतंच. लुटालूट होते तसं हेही. ‘असं होतंच’ हे वाक्य खोडून काढायला बायकांच्या साक्षी लागल्या.

रवांडाच्या नरसंहाराच्या खटल्याचंही असंच झालं. मूळ आरोपपत्रात बलात्काराचा शब्दच नव्हता. एक बाई भलत्याच मुद्द्यावर साक्ष द्यायला आली होती, बोलता बोलता तिने आपल्या लहान मुलीवर काय झालं ते सांगितलं. तीन न्यायाधीशांत एकच बाई होत्या, दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीय वंशाच्या नवी पिल्ले. आणखी साक्षी आल्या, आरोपपत्र दुरुस्त झालं आणि २ सप्टेंबर १९९८ ला बलात्कार हा नरसंहाराचा भाग असू शकतो असा निकाल आला. विचारणारं कुणी नसेल तर सांगणारी गप्पच बसते, हे आपण घरातही बघतो.

आता मुंबई.

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३. तुमच्यापैकी कुणाचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात मेलेल्यांचा आकडा ९०० आहे. त्यात ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, ४५ अनोळखी आणि ५ इतर. वांद्रे स्टेशनच्या पूर्वेला उतरलं की रुळांना लागून बेहरामपाडा आहे. दलदलीत भर घालून कष्टकऱ्यांनी उभी केलेली वस्ती, बहुसंख्य मुसलमान, पण हिंदू घरंही आहेत. त्या दिवसांत या वस्तीचं नाव गुन्हेगारांचा अड्डा म्हणून घेतलं जात होतं. आत काय चाललंय ते आत जाऊन बघणारे थोडे होते.

जे गेले त्यांत एक वकील होत्या आणि एक फिल्म करणाऱ्या. वकील म्हणजे फ्लेविया ॲग्नेस आणि फिल्म करणाऱ्या मधुश्री दत्ता. दोघींनी मिळून १९९० च्या सुमारास मुंबईत एक संस्था काढली होती, तिचं नाव मजलिस. नाव आपल्या ओळखीचं आहे, पण काढणारी एक ख्रिश्चन घरातली आणि दुसरी बंगाली. एकाच छपराखाली एका बाजूला बायकांच्या केसेस आणि दुसऱ्या बाजूला माहितीपट. मजलिस या शब्दाचा अर्थच एकत्र बसणं, तो त्यांनी खरा केला.

फ्लेविया ॲग्नेस यांच्याबद्दल मुलींनी ऐकून ठेवावं. त्या जन्मभराच्या वकील नव्हत्या. लग्नात वर्षानुवर्षं मार खाल्लेली, पोरं असलेली बाई. तो अनुभव त्यांनी १९८० च्या दशकात आपल्या नावाने लिहून छापला. त्या काळी घरातली मारहाण घरातच ठेवायची रीत होती. मग शिकल्या, वकिलीची सनद घेतली आणि चाळिशीत काळा कोट चढवला. म्हणजे त्यांची पहिली साक्ष स्वतःची होती, दुसऱ्यांच्या साक्षी नंतर.

१९९३ च्या दंगलीनंतर त्यांनी वांद्रे पूर्वचा सत्यशोधन अहवाल लिहिला. तो त्याच फेब्रुवारीत ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त छापून आला. राख निवायच्या आत, म्हणता येईल. बेहरामपाड्यावर त्यांनी ‘मानुषी’ मासिकातही लिहिलं. आणि मधुश्री दत्तांनी कॅमेरा घेऊन फिल्म केली, ‘आय लिव्ह इन बेहरामपाडा’, म्हणजे मी बेहरामपाड्यात राहते. पाऊण तासाची फिल्म. १९९४ मध्ये तिला माहितीपटाचं फिल्मफेअर मिळालं. या नावातच सगळं आलं. वस्तीबद्दल बाहेरचे बोलत होते, इथे वस्तीत राहणारा माणूस म्हणतो, मी इथे राहतो, मला विचारा.

अहवाल आणि फिल्म एकाच वस्तीबद्दल आहेत, पण दोघांची कामं वेगळी आहेत. तुम्ही उद्या यातलं काहीही करणार असाल तर हा फरक लक्षात ठेवा.

कागद विचारतो : तारीख कोणती, वेळ कोणती, किती जण, कुणाची नावं, कोणत्या ठाण्यात गेलात, काय उत्तर मिळालं. कागदाला अश्रूंचा उपयोग नाही. उलटतपासणीत टिकेल एवढंच कागदावर राहतं. कॅमेरा वेगळं टिपतो. बाई बोलता बोलता थांबते, शेजारीण तिचा हात धरते, मागे जळकी भिंत दिसते, पोरगं मध्येच येऊन बिलगतं. कोर्टात हे नोंदलं जात नाही, पण पाहणाऱ्याचं मन यानेच बदलतं. कागद न्यायाधीशाला पटवतो, फिल्म शेजाऱ्याला. आणि दंगलीनंतर राहायचं असतं ते शेजाऱ्यासोबत.

त्या दंगलीने फ्लेविया ॲग्नेस यांच्यासारख्यांना आणखी एक गोष्ट शिकवली, ती त्यांनी पुढे लिहिलीही. तोपर्यंत स्त्री चळवळीत असं मानत होते की बाई बाईची बहीण, धर्म-जात मधे येत नाही. १९९३ मध्ये दिसलं की काही बायका दंगलखोरांच्या बाजूनेही रस्त्यावर उतरल्या. म्हणजे मुसलमान बाईला एकाच वेळी दोन ओझी आहेत : बाई म्हणून घरातलं आणि मुसलमान म्हणून बाहेरचं. तिला ‘बिचारी’ म्हणून दाखवणारा कॅमेरा खूप मिळतो. तिने कोर्टात मिळवलेला हक्क दाखवणारा कॅमेरा मिळत नाही. एक उदाहरण देते, आपल्या महाराष्ट्रातलंच. २००२ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात दगडू पठाण विरुद्ध रहिमबी हा निकाल लागला, पूर्णपीठाचा. प्रकरण लातूरकडचं. पूर्णपीठ म्हणालं, तलाक दिला असं नवऱ्याने नुसतं जबाबात लिहून भागणार नाही, तो कुराणात सांगितलेल्या रीतीने, कारणासह, समेटाचा प्रयत्न करून दिला हे पुराव्याने शाबीत करावं लागेल. टीव्हीवर तलाकच्या चर्चा रंगल्या त्याच्या कितीतरी आधी रहिमबीने हे मिळवलं. तुमच्यातल्या किती जणींनी तिचं नाव ऐकलं होतं?

आता कागद नसला की काय होतं, ते बघू.

मुंबईच्या त्याच दंगलीत मेलेल्यांशिवाय १६८ माणसं बेपत्ता झाली. नोव्हेंबर २०२२ मध्ये, म्हणजे जवळपास तीस वर्षांनी, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात हा आकडा पुढे आला. १६८ पैकी ६० जणांच्या वारसांना भरपाई मिळाली होती. उरलेल्या १०८ जणांच्या घरच्यांना नाही. कुणाचा पत्ता लागला नाही, कुणाची कागदपत्रं पुरी झाली नाहीत. न्यायालयाने दोन लाख रुपये आणि त्यावर व्याज द्यायला सांगितलं, वारस शोधायला समिती नेमली. विचार करा. नवरा गेला तेव्हा ती पंचविशीची असेल, आता ती पंचावन्नची. झोपडपट्टी हलली, पत्ता बदलला, राशनकार्ड गेलं. ती विधवा आहे की सुहागन, हे तिलाही नक्की सांगता येत नाही आणि सरकारलाही. त्या आठवड्यात कुणी शेजारच्या पोराने वहीत चार ओळी लिहून ठेवल्या असत्या, की हा माणूस, या तारखेला, या कपड्यांत, इथून निघाला, शेवटचा इथे दिसला, तर त्या चार ओळींची किंमत आज कळली असती.

दुसरं उदाहरण बिल्किस बानो यांचं. ३ मार्च २००२ ला गुजरातेत त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला, घरची माणसं मारली गेली, त्यांत त्यांची लहानगी मुलगी होती. दुसऱ्या दिवशी त्या लिमखेडा ठाण्यात गेल्या. त्यांनी नावं सांगितली, ती लिहिली गेली नाहीत. बलात्काराचा उल्लेखही केला गेला नाही. पुढे केस बंदच करण्यात आली. पण त्या आपल्या जबाबावरून हटल्या नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे दिला, २००४ मध्ये खटला मुंबईला हलवला. २१ जानेवारी २००८ ला शिक्षा झाली, २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली. २०२२ च्या १५ ऑगस्टला अकराही जण सुटले, आणि ८ जानेवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका रद्द केली. बावीस वर्षं. पहिल्या दिवशी तिने सांगितलेलं नीट लिहिलं गेलं असतं तर यातली किती वर्षं वाचली असती?

मुलांनो, आता तुमच्या खिशातल्या मोबाईलबद्दल. १९९३ मध्ये कॅमेरा म्हणजे मोठी गोष्ट होती. आज या खोलीत माणसांपेक्षा कॅमेरे जास्त असतील. पण काही घडलं की आपण काय करतो? व्हिडिओ काढतो आणि ग्रुपवर टाकतो. साक्ष नोंदवण्याचा हा मार्ग नाही. पुष्कळदा आपण साक्ष खराब करून टाकतो. चार गोष्टी सांगते.

पहिली. ज्या मोबाईलवर मूळ चित्रण झालं तो जपा. व्हॉट्सॲपवरून पाठवलं की फाईल दाबली जाते, मूळ माहिती जाते. या बाबतीत देशाला लागू असलेला कायदा आपल्या जालन्यातून आला आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत भरला की नाही यावर वाद झाला. निवडणूक अधिकाऱ्याच्या दालनातल्या व्हिडिओवर सगळं अडलं. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल. १४ जुलै २०२० ला सर्वोच्च न्यायालय म्हणालं, मूळ उपकरण स्वतः कोर्टात हजर करून शाबीत केलं तर ठीक, नाहीतर कायद्यातलं प्रमाणपत्र लागणारच. १ जुलै २०२४ पासून नवा भारतीय साक्ष अधिनियम आहे, त्याच्या कलम ६३ मध्ये हे प्रमाणपत्र दोन भागांत आहे, एक तुमचं आणि एक तज्ज्ञाचं. म्हणून चित्रण केलं की त्यात काटछाट नाही, गाणं नाही, वर अक्षरं नाहीत. तारीख, वेळ, जागा वहीत लिहा आणि वकिलाकडे जा.

दुसरी. ज्या बाईवर लैंगिक अत्याचार झालाय तिचं नाव, चेहरा, घर, गल्ली, काहीही बाहेर जाऊ द्यायचं नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ प्रमाणे हा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ‘मी तर मदतीसाठी फॉरवर्ड केलं’ असं म्हणून सुटका होत नाही. बिल्किस बानो किंवा नुसरेता सिवाच स्वतःच्या नावाने पुढे आल्या तो त्यांचा निर्णय होता. तो निर्णय तिच्या भावाचा नाही, जमातीचा नाही, पुढाऱ्याचा नाही आणि फिल्म करणाऱ्याचाही नाही.

तिसरी. तिला दहा वेळा सांगायला लावू नका. प्रत्येक नातेवाईक, प्रत्येक कार्यकर्ता पुन्हा विचारतो. दर वेळी शब्द थोडे बदलतात आणि उलटतपासणीत तेच बदललेले शब्द तिच्यावर उलटतात. एका विश्वासातल्या बाईने, शांत जागी, एकदा ऐकावं आणि तिच्याच शब्दांत लिहावं. फिर्याद कोणत्याही ठाण्यात देता येते, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. अशी फिर्याद महिला अधिकाऱ्याने लिहून घ्यायची असते. एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नका. सही करण्याआधी वाचून घ्या, वाचता येत नसेल तर वाचून घ्यायला सोबत कुणी न्या.

चौथी. बाईची साक्ष अर्धी, असं आपल्याकडे अजूनही कुणी म्हणतं. भारतीय कायद्यात साक्षीदारांची संख्या ठरलेली नाही. एकाच बाईची साक्ष विश्वासार्ह असेल तर तिच्यावर शिक्षा होऊ शकते. हे घरी जाऊन सांगा.

फिल्मबद्दलही एक सांगते, म्हणजे ते काम सोपं आहे असं वाटायला नको. आनंद पटवर्धन यांनी १९९४ मध्ये ‘फादर, सन अँड होली वॉर’ हा माहितीपट केला. धर्माच्या नावाने होणारी हिंसा आणि मर्दानगी यांचं नातं त्यात आहे. राष्ट्रीय पुरस्कार मिळूनही दूरदर्शन तो दाखवेना. ते कोर्टात गेले. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दाखवायला लावलं. बारा वर्षं. साक्ष नोंदवणं अवघड, आणि ती लोकांच्या घरापर्यंत पोहोचवायलाही पुन्हा वकीलच लागला.

आता आपल्या दारव्ह्याला येते. इथे दंगल होऊ नये हीच दुआ. पण साक्ष नोंदवायची सवय त्या दिवसाची वाट पाहून लागत नाही, रोजच्या कामात लागते. आपल्या जिल्ह्याचं नाव देशभर शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी गेलंय. मागे राहिलेल्या बाईला एक लाखाची मदत मिळण्याआधी प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे ठरतं. सातबारा सासऱ्याच्या नावावर असतो, कर्ज सावकाराचं असतं ज्याचा कागदच नसतो. चौकशीला माणूस येतो तेव्हा ती बोलण्याच्या अवस्थेत नसते, आणि तिच्या वतीने दीर बोलतो. ही बाई गोंड असेल, कुणबी असेल, बंजारा असेल, मुसलमान असेल. तिच्या शेजारी बसून कागद लावून देणारी एक मुलगी प्रत्येक मोहल्ल्यात, प्रत्येक तांड्यावर हवी. निकाहनाम्याची प्रत आपल्याकडे आहे का, त्यावर मेहर किती लिहिलाय, हे प्रत्येक मुलीने आज घरी जाऊन बघावं. इथपासून सुरुवात करता येते.

वकील लावायला पैसे नाहीत, हे मी रोज ऐकते. विधी सेवा कायद्याप्रमाणे कोणत्याही बाईला, तिची कमाई कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. कोर्टात तालुका विधी सेवा समिती आहे, साधा अर्ज करायचा असतो. आणि बारावी झालेल्या मुलींनो, कायदा शिकायला मुंबई-पुणेच गाठावं लागतं असं नाही, यवतमाळलाही विधी महाविद्यालय आहे. ज्यांना कॅमेऱ्याची आवड आहे त्यांनी आपल्या नानीपासून सुरुवात करा. तिने कोणती वर्षं कशी काढली, ते तिच्या परवानगीने, तिच्या बोलीत नोंदवा. ऐकून घ्यायची सवय लागेल. वकिलाला तीच लागते आणि फिल्म करणाऱ्यालाही.

जाताना एक वही आणि पेन ठेवलंय, ज्यांना विधी सेवेच्या अर्जाचा नमुना हवा त्यांनी नाव लिहून जा. आणि आता प्रश्न विचारा. आधी मागच्या खाला विचारतील, मग पोरं.